चार महिन्यांची तडजोड: बेथलेहेमजवळच्या छावणीतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण २०१८ सालचं. १९६७ पासून इस्रायली सैन्याच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेत बेथलेहेम शहराला लागून पॅलेस्टिनी निर्वासितांच्या तीन छावण्या आहेत: दहैशा, आयदा आणि बैत जिब्रीन. त्यांपैकी एकीतलं हे घर. कुठल्या छावणीतलं ते मुद्दाम सांगत नाही. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील तशाच इतर प्रकरणांतल्या तपशिलांशी अदलाबदल केले आहेत. समाजकार्य किंवा कायदा शिकणाऱ्यांसमोर हे ठेवावंसं वाटलं, कारण इथे बरोबर-चूक ठरवणं सोपं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने शहाणपणाच केला, तरी घराला त्याची किंमत मोजावी लागली.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू येतात. ते १९५० च्या दशकातच गेले. त्यांच्या जागी उन्रवा या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने दर कुटुंबाला एकेक छोटी खोली बांधून दिली. जागा तेवढीच राहिली, माणसं वाढत गेली, म्हणून घरं उभी चढली. दहैशात चौरस किलोमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश जागेत पंधरा हजारांहून जास्त लोक राहतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरी काय शिजतंय ते वासावरून कळतं. गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग असते. उन्हाळ्यात नळाला आठवडे-आठवडे पाणी नसतं, तेव्हा घर त्या टाक्यांवर चालतं.

आपल्या प्रकरणातल्या घरात आजीला मिळालेली ती मूळ खोली म्हणजे आजचं स्वयंपाकघर. आजी हेब्रॉनच्या डोंगरातल्या गावची. १९४८ च्या युद्धात गाव सुटलं तेव्हा ती लहान होती. तिच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर थोरला मुलगा अबू खलील, दुसऱ्यावर धाकटा, म्हणजे मुलांचे काका. अबू खलील आणि उम्म खलील, म्हणजे खलीलचे वडील आणि आई, यांना चार मुलं. एकोणीस वर्षांचा खलील, दहावीतला पंधरा वर्षांचा यूसुफ, मग एक मुलगी आणि शेंडेफळ अकरा वर्षांचं. उन्रवाची शाळा नववीपर्यंतच, त्यामुळे यूसुफ त्या वर्षीच छावणीबाहेरच्या सरकारी शाळेत जायला लागला होता.

अबू खलील फरशी बसवणारे कारागीर. इस्रायली परवान्यावर पश्चिम जेरुसलेममध्ये काम करायचे. पहाटे साडेतीनला घर सोडून ३०० नंबरच्या चेकपोस्टवर रांग लावायची, लोखंडी गजांच्या बोळातून सरकत पुढे जायचं, मॅग्नेटिक कार्ड टेकवायचं, बोटांचा ठसा द्यायचा, मग पलीकडे मालकाची गाडी. हाच हात बेथलेहेममध्ये चालवला तर मजुरी निम्मीसुद्धा मिळत नाही. घरातली सहा माणसं, आजीची औषधं आणि खलीलची कॉलेजची फी त्या एका कार्डावर उभी होती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं उमगणार नाही. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यात १९९० च्या दशकात झालेल्या ऑस्लो करारानुसार बेथलेहेम ‘अ’ क्षेत्रात येतं, म्हणजे कागदावर नागरी आणि पोलिसी दोन्ही कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आहे. तरीही इस्रायली सैन्य रात्री छावणीत येतं आणि तेवढा वेळ प्राधिकरणाचे पोलीस चौकीतून बाहेर पडत नाहीत. उन्रवा शाळा आणि दवाखाना चालवते, छावणीवर तिची सत्ता नाही. दारावर थाप पडली की दाद मागायला जवळपास कुणी नसतं.

काय घडलं

फेब्रुवारीतली रात्र, अडीचचा सुमार. सैनिक आले, घरातल्या सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, ओळखपत्रं तपासली आणि यूसुफला कपडे घालायला सांगितलं. त्याचे हात प्लास्टिकच्या पट्टीने बांधले, डोळ्यांवर पट्टी आली. अबू खलीलच्या हातात एक छापील कागद पडला. त्यावर मुलाला कुठे नेतोय ते हाताने लिहिलं होतं: एत्सियोन. बेथलेहेमच्या दक्षिणेला गुश एत्सियोन या इस्रायली वसाहतींजवळ सैन्याचं ठाणं आहे, ते. आई-वडिलांपैकी कुणाला बरोबर येता येईल का, हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही.

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात उम्म खलील त्याच्याशी एकच वाक्य बोलल्या, “जाकीट घाल हबीबी, बाहेर गारठा आहे.” कुठलीही आई हेच म्हणेल. ‘वकील भेटेपर्यंत काही बोलू नकोस, कशावर सही करू नकोस’ हे सांगायचं राहून गेलं.

सकाळी त्याची चौकशी झाली. घरचं कुणी नाही, वकिलाशी तोवर बोलणंही नाही. २०१४ च्या लष्करी आदेशाने अल्पवयीनांच्या चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे, पण ‘सुरक्षाविषयक’ गुन्हे त्यातून वगळले आहेत, आणि दगडफेक त्यातच मोडते. दुपारपर्यंत यूसुफने एका कागदावर सही केली. कागद हिब्रूत होता. त्याला हिब्रू वाचता येत नाही.

आरोप असा: छावणीच्या तोंडाशी तीन वेगवेगळ्या दिवशी सैन्याच्या गाड्यांवर दगड मारले. तारखा ‘नक्की माहीत नाहीत’. पुरावा म्हणून त्याचा स्वतःचा जबाब आणि आधी धरलेल्या दोन मुलांचे जबाब. त्याने दगड मारले होते का? घरात हे त्याला कुणी कधीच विचारलं नाही. वकिलाने विचारलं, पण उत्तर स्वतःजवळच ठेवलं. छावणीच्या तोंडावर सैन्याची गाडी आली की पोरं जमतात, त्यात हा कधीच नव्हता असं त्याची आईसुद्धा शपथेवर सांगणार नाही. या लेखात मीही त्याला निरपराध ठरवायला निघालेलो नाही. प्रश्न वेगळाच आहे.

पेच

वेस्ट बँकेत एकाच डोंगरावर दोन कायदे चालतात. वसाहतीतला पंधरा वर्षांचा इस्रायली मुलगा दगड मारताना सापडला तर तो इस्रायलच्या नागरी कायद्याखाली बाल न्यायालयात जातो. यूसुफसाठी लष्करी आदेश क्रमांक १६५१. त्यानुसार दगडफेकीला दहा वर्षांपर्यंत आणि चालत्या वाहनावर मारल्यास वीस वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मुलांना प्रत्यक्षात एवढी होत नाही, महिन्यांतच होते. पण आकडा डोक्यावर टांगलेला असतो. २००९ पासून लष्करी न्यायव्यवस्थेतच अल्पवयीनांसाठी वेगळं न्यायालय आहे. युनिसेफच्या २०१३ च्या अहवालानुसार वर्षाला सुमारे ७०० पॅलेस्टिनी मुलांना, बहुतेक मुलग्यांना, अशी अटक होत होती. याच लष्करी न्यायालयांच्या २०१० च्या वार्षिक अहवालात दोषसिद्धीचं प्रमाण ९९.७४ टक्के होतं. शंभरातली एखादी सुटकाही नाही. बहुतेक प्रकरणं खटल्यापर्यंत जातच नाहीत, कबुलीच्या तडजोडीवर मिटतात.

रामल्लाजवळच्या ओफर लष्करी न्यायालयात पहिली तारीख पडली. बेथलेहेमहून ओफर सरळ जेरुसलेममधून गेलं तर फार लांब नाही, पण उम्म खलीलकडे जेरुसलेमचा परवाना नव्हता. म्हणून वादी अन-नारच्या वळणावळणाच्या रस्त्याने मोठा वळसा. फाटकातून घरच्या दोघांनाच आत सोडायचे. आत पत्र्याच्या तयार खोल्यांसारखी न्यायालयं, आणि पुकारा होईपर्यंत आवारात तासन्‌तास बसणं. यूसुफ आला तो तपकिरी कैदी पोशाखात, पायात बेडी. कामकाज हिब्रूत. दुभाषाही गणवेशातला सैनिक, तो दर चार वाक्यांतलं एक सांगायचा. आईला हात लावायची परवानगी नव्हती. बाकांच्या ओळीपलीकडून मुलाने फुटबॉलचं विचारलं, “रेआल माद्रिद जिंकलं का?” खलील जिंकल्याचं सांगेपर्यंत सुनावणी आटोपली होती. कोठडी वाढली, पुढची तारीख मिळाली.

दुसऱ्या तारखेनंतर जामिनाचा अर्ज फेटाळला गेला आणि खटला संपेपर्यंत मुलाला कोठडीतच ठेवण्याचा आदेश झाला. इथे पेच पक्का झाला. त्याच आठवड्यात सरकारी पक्षाकडून तडजोडीचा प्रस्ताव आला: चार महिने तुरुंगवास, दोन हजार शेकेल दंड, आणि वर सहा महिन्यांची स्थगित शिक्षा, तीन वर्षांसाठी. या तीन वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा सिद्ध झाला तर हे सहा महिने नव्या शिक्षेत मिळवायचे.

पर्याय

त्या रात्री आजीच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. चहा दोनदा झाला. वकील एका संस्थेकडून मिळालेला, फी न घेणारा. फोनवरून त्याने स्वच्छ सांगितलं: खटला लढवता येईल, जबाब हिब्रूत घेतला यावर बोट ठेवता येईल, दोन मुलांची उलटतपासणी घेता येईल. पण सैनिक साक्षीदार तारखेला येत नाहीत, तारखा पुढे जातात, सात-आठ महिने सहज लागतील. तेवढा काळ मुलगा आतच. म्हणजे निर्दोष सुटला तरी कबुली दिलेल्यापेक्षा जास्त दिवस आत काढून सुटेल.

काका लढायच्या बाजूचे. पहिल्या इंतिफादात, म्हणजे १९८७ ला सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, ते स्वतः यूसुफएवढे असताना आत जाऊन आलेले. त्यांचं म्हणणं, कबुली एकदा दिली की ती कायमची चिकटते. आज दगड, उद्या कुठलाही आरोप आला की आधीचं कलम पुढे करतात. शिवाय सगळेच कबूल करत गेले तर न्यायालयाला कधी घामच फुटणार नाही. मुद्दा बिनतोड होता. एखाद्या महिन्यात आरोपींनी एकजुटीने खटले मागितले तर ओफरचं कामकाज ठप्प होईल, हे तिथले वकीलही मान्य करतात. मात्र त्या एकजुटीत पहिलं पोर कुणाचं घालायचं, यावर गाडी अडते.

खलीलने त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण काढलं. सैनिकाला थप्पड मारणाऱ्या नबी सालेह गावच्या किशोरवयीन अहद तमीमीचा खटला त्याच ओफरमध्ये चालू होता, जगभरचे कॅमेरे तिच्यावर होते, आणि मार्चमध्ये तिनेही आठ महिन्यांची तडजोडच स्वीकारली. “तिला जमलं नाही, आपल्याला जमणार?” असा त्याचा सवाल. काकांकडे उत्तर नव्हतं.

अबू खलील फार बोलले नाहीत. अटकेच्या दिवशी सकाळीसुद्धा ते नेहमीसारखे चेकपोस्टवर गेले होते. छावणीतल्या काही जणांना ते खटकलं, पोरगा आत आणि बाप कामावर! पण कार्ड अजून चालतंय का, हे कळायचा तोच एक मार्ग होता. त्या दिवशी चाललं. दोन आठवड्यांनी यंत्राने ठसा नाकारला. कारण विचारल्यावर दोनच शब्द मिळाले, ‘सुरक्षाविषयक मनाई’. अशी मनाई का लागली, किती दिवस राहील, हे लेखी मिळत नाही. प्रकरण लवकर मिटलं तर मनाई उठण्याची आशा, लांबलं तर तीही नाही, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. फक्त मुलाच्या सुटकेचा विचार आणि घरच्या पोटाचा विचार एकाच वाक्यात आल्यामुळे त्या बैठकीत पुढे कुणालाच मोकळेपणाने बोलता आलं नाही.

कोणाकरवी तरी ओळख लावण्याचा तिसरा पर्यायही कानावर आला. परवाने देणाऱ्या इस्रायली समन्वय कार्यालयात आपला माणूस आहे, काही हजार शेकेलमध्ये नाव काढून देतो, असं सांगणारा एक जण घरी येऊन गेला. आजीने त्याला चहाही विचारला नाही. तो पर्याय तिथेच बाद झाला. छावणीत अशा वाटेने गेलेला माणूस पुढे कुणाच्या उपकाराखाली राहतो, हे तिने साठ वर्षं पाहिलं होतं.

आणि यूसुफ? त्याचं मत कुणी घेतलं नाही. सुनावणीच्या आधी आवारात वकिलाला त्याच्याशी चार-पाच मिनिटं बोलता आलं. तेवढ्यात त्याने ‘घरी लवकर कसं जाता येईल’ एवढंच विचारलं.

इथे आपल्याकडची एक तरतूद सांगतो. भारतात २००५ च्या दुरुस्तीने कबुलीची तडजोड कायद्यात आली, पण अल्पवयीनांना ती लागू नाही असं कायद्याच्या त्याच भागात लिहिलेलं आहे. सुटकेचं आमिष समोर असताना मूल काहीही कबूल करेल, ही त्यामागची साधी समज.

निर्णय आणि कृती

तडजोड स्वीकारली. उसनवारी करून दंड भरला. आधीचे दिवस धरून चार महिने मोजले गेले आणि जूनच्या मध्याला सुटका ठरली.

मधल्या काळात घराने तीन गोष्टी केल्या. तुरुंगातल्या कँटीनच्या खात्यावर पैसे भरले, कारण आतलं जेवण मुलांना पुरत नाही. रेड क्रॉसमार्फत भेटीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो मंजूर व्हायला इतका वेळ लागला की चार महिन्यांत आईची एकच भेट झाली, काचेआडून, फोनवर. तिसरी गोष्ट खलीलची. त्याने यूसुफच्या शिक्षकांकडून धडे आणि वह्या गोळा करून ठेवल्या. शाळेने पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसू द्यायचं मान्य केलं.

अबू खलीलनी मनाईविरुद्ध मालकामार्फत अर्ज टाकला आणि बेथलेहेममध्येच मिळेल ते काम धरलं. उम्म खलील शेजारणींबरोबर भरतकामाच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. पैसा फारसा नव्हता, पण रोज संध्याकाळी सात-आठ बायका एकत्र बसायच्या. त्यांपैकी निम्म्या जणींचा कुणी ना कुणी आत जाऊन आलेला. कुठला कागद कुठे मिळतो, कुठला वकील फोन उचलतो, ओफरला जाताना दाराशी काय काय काढून घेतात, हे सगळं त्या बैठकीत कळायचं. उम्म खलीलना ती बैठक अटकेच्या रात्रीआधी सापडली असती तर!

परिणाम

यूसुफ सुटला तेव्हा गल्लीत मिठाई वाटली गेली, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आठवडाभर तो छावणीचा नवरदेव होता. मग गर्दी ओसरली.

तो रात्री जागा राहायचा आणि दिवसा झोपायचा. अडीच-तीनला गल्लीत पाऊल वाजलं की उठून बूट घालून बसायचा. शाळेत वयाने लहान मुलांबरोबर बसायला त्याने नकार दिला. बेथलेहेमशेजारच्या बैत साहूरमध्ये वायएमसीएचा सुटून आलेल्या मुलांसाठी पुनर्वसन कार्यक्रम आहे. तिथला समुपदेशक घरी येऊ लागला. उन्रवाचा छावण्यांतला मानसिक आरोग्याचा कार्यक्रम मात्र त्याच उन्हाळ्यात गुंडाळला गेला. त्या वर्षी अमेरिकेने उन्रवाचा निधी आधी कापला आणि मग बंदच केला, त्याची ही झळ.

पण घराला सगळ्यात जड गेलं ते तडजोडीतलं तिसरं कलम. स्थगित शिक्षेचा अर्थ सही करताना कुणी नीट उलगडून सांगितला नव्हता. ‘वर काही नाही, फक्त स्थगित’ असंच सगळ्यांनी ऐकलं होतं. तीन वर्षं यूसुफला छावणीच्या तोंडाशी कुठल्याही गोंधळात नुसतं उभं राहणंही परवडणार नव्हतं. त्याच्यावर नजर ठेवायचं काम आपोआप आईकडे आलं. शुक्रवारी दुपारी ती बाहेरचं दार कुलूप लावून ठेवायची, मित्र आले तर जिन्यातूनच परत पाठवायची. एकदा तिने त्याचे बूट पाण्याच्या टाकीमागे लपवले. यूसुफ एका संध्याकाळी समुपदेशकासमोर तिला म्हणाला, “आत निदान पहारेकरी परका होता.” त्यावर उम्म खलील रडल्या नाहीत, चिडल्या. मी दुसरं काय करायचं होतं, हा त्यांचा प्रश्न आजही उत्तराविना आहे.

पुढच्या वर्षी तो शाळेऐवजी व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात गेला, सुतारकाम शिकला. बारावीची तौजीही परीक्षा मागे राहिली. वडिलांची मनाई वर्षभराने उठली, तीही कारण न देता. स्थगित शिक्षेची तीन वर्षं नवा आरोप न येता संपली.

ऑक्टोबर २०२३ नंतर हा हिशेबच मोडला. वेस्ट बँकेतल्या एक लाखाहून जास्त मजुरांचे परवाने एका फटक्यात थांबवले गेले, त्यात अबू खलीलही आले. रेड क्रॉसच्या तुरुंगभेटी बंद झाल्या. फरशी, प्लास्टर, सळई, शटरिंग या त्यांच्याच कामांसाठी इस्रायलने भारतातून कारागीर नेले. त्यासाठीची एक भरती सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात झाली. तिथे रांगेत उभ्या राहिलेल्या गवंड्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण रिकामी झालेली जागा कुणाची होती, हे मराठी वाचकाला ठाऊक असलेलं बरं.

वेगळं काय करता आलं असतं

दगडफेकीच्या मुळाशी जाणारा उपाय या घराच्या हातात नव्हता, म्हणून तो इथे धरत नाही. हातात होतं तेवढ्याचंच बोलू.

पहिली जागा अटकेची रात्र. तडजोडीची ताकद त्या हिब्रू कागदावरच्या सहीत होती. ती सही नसती तर सरकारी पक्षाकडे दोन घाबरलेल्या मुलांचे जबाब तेवढे उरले असते. गप्प राहण्याचा हक्क मुलाला आहे, पण तो चौकशीच्या खोलीत आठवणं पंधरा वर्षांच्या पोराला कठीण. आधी घोकून घेतलेलं असेल तरच जमतं. बेथलेहेम परिसरातल्या काही संस्था शाळकरी मुलांकडून याचा सराव करून घेतात. यूसुफची नवी शाळा त्यात नव्हती.

दुसरी जागा तडजोडीची बोलणी. माझ्या मते चार महिन्यांना हो म्हणणं बरोबरच होतं, काकांचा मुद्दा कितीही खरा असला तरी. पण वकील आणि घर दोघांनी सगळा जोर तुरुंगाचे आठवडे कमी करण्यावर लावला आणि स्थगित शिक्षेच्या मुदतीकडे दुर्लक्ष केलं. मुदत तीनऐवजी दोन वर्षांची मागता आली असती, त्याबदल्यात दंड थोडा वाढला असता तरी. मिळाली असतीच असं नाही. मात्र तीन वर्षं त्या कलमाची अंमलबजावणी उम्म खलील करणार होत्या, आणि बोलण्यांत त्या कलमाचा विषय काढायलाही कुणी नव्हतं. अशा प्रकरणात काम करणाऱ्याने तडजोडीचं प्रत्येक कलम घरातल्या कुणाच्या अंगावर पडणार, हे सहीआधी एकेक करून वाचून दाखवावं.

तिसरी जागा मुलाचं मत. चार-पाच मिनिटांत ते घेता येत नाही हे खरं, पण पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मध्ये वकिलाची एक भेट फक्त यासाठी मागता आली असती. यूसुफने बहुधा ‘हो’च म्हटलं असतं. तरी सुटून आल्यावर “तुम्ही ठरवलंत” असं तो आई-बापांना जे वारंवार ऐकवत राहिला, त्याची धार कमी झाली असती, असं समुपदेशकाचं मत. मला ते पटतं.

शेंडेफळ आता यूसुफच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठं झालं आहे. फ्रीजच्या दारावर वकिलाचा नंबर चिकटवला आहे, आणि तो पाठ आहे का हे उम्म खलील अधूनमधून विचारतात. तो वैतागतो, पण न चुकता म्हणून दाखवतो.